आधी रेघ, मग जमीन: रेडिओ कंट्रोल मोटारीच्या बॉडीचे एअरब्रश रंगकाम

पाट्या रंगवणारे, मोटारसायकलच्या टाकीवर पट्टे ओढणारे, ट्रकच्या फाळक्यावर नक्षी काढणारे आणि गॅरेजमध्ये स्प्रे गन चालवणारे कारागीर आपल्या समाजात गावोगाव आहेत. यांपैकी पाट्यांचे काम फ्लेक्सच्या छपाईने जवळजवळ संपवले. ज्या हाताला एका ओढीत सरळ रेघ मारता येत होती, त्या हातावर दुकानांची शटरे रंगवण्याची पाळी आली. अशा हातांना उपयोगी पडेल असे एक छोटे पण नाजूक काम म्हणजे रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या बॉडीचे रंगकाम. या एकट्या कामावर घर चालेल, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे त्याचे ग्राहक थोडे आहेत आणि तेही मुंबई, पुणे, बंगळूर अशा मोठ्या शहरांत विखुरलेले आहेत. पण मूळ धंद्याला जोड म्हणून ते चांगले आहे. आणि जो पेंटर ते नीट शिकतो त्याचे डोके रंगाच्या बाबतीत कायमचे साफ होते, असा अनुभव जाणकार सांगतात.

येथे पोरांच्या हातातले बाजारी खेळणे अभिप्रेत नाही. मूळ मोटारीच्या एक दशांश मापाची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद अशी ही मोटार असते. खाली सांगाडा, मोटर, बॅटरी आणि वर चार खुंट्यांवर अडकवलेली सुटी बॉडी. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने आपली पहिली रेडिओ कंट्रोल मोटार १९७६ साली आणली. ती पोर्श ९३४ ची प्रतिकृती होती. तेव्हापासून जपान, अमेरिका आणि युरोपात या मोटारींच्या शर्यती होत आल्या आहेत, आणि शर्यतीची मोटार म्हटली की आपटणे, घासणे, उलटणे आलेच. बॉडी ही झिजून जाणारीच वस्तू. शौकीन माणूस एका सांगाड्यावर चार-चार बॉड्या चढवतो. शिवाय भारतात खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. नवी मोटार घेणे महाग पडू लागले की आहे तीच नटवण्याकडे माणसाचा कल होतो.

काचेच्या मागचे काम

ही बॉडी कोरी विकत मिळते ती काचेसारखी पारदर्शक. ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची असते. जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. पत्रा तापवून साच्यावर हवेच्या ओढीने बसवतात. याच प्लास्टिकला बाजारात लेक्सन म्हणतात. लेक्सन हे मूळ अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे नाव. तो प्लास्टिक विभाग २००७ साली सौदी अरबस्तानच्या साबिक कंपनीने विकत घेतला.

आता खरी गोष्ट अशी की ही बॉडी बाहेरून नव्हे, आतून रंगवतात. बाहेरून रंग दिला तर पहिल्या शर्यतीतच तो खरवडून निघेल. आतून दिला तर घासते ते प्लास्टिक. रंग त्याच्या आड सुरक्षित राहतो आणि वरून वार्निश न देता काचेची चमक मिळते.

पण आतून रंगवायचे म्हणजे सर्व क्रम उलटा होतो. पाटी रंगवणारा आधी जमीन धरतो, मग अक्षर काढतो आणि शेवटी अक्षराला काळी कड ओढतो. येथे कड सर्वात आधी, अक्षर नंतर आणि जमीन सर्वात शेवटी. कारण जो रंग प्लास्टिकला प्रथम लागला तोच पाहणाऱ्याला सर्वात वर दिसणार. नंतर दिलेला प्रत्येक रंग त्याच्या पाठीमागे जातो. पाटीवर चूक झाली तर त्यावर दुसरा हात मारून ती झाकता येते. येथे झाकता येत नाही, कारण चूकच सर्वात पुढे असते.

आपल्या लोकांना ही रीत अगदीच अनोळखी नाही. काचेच्या मागून आयती आणि दुआ लिहून त्या चौकटीत बसवण्याची कला तुर्कस्तानात आणि ट्युनिशियात जुनी आहे. उत्तर आफ्रिकेतून ती सेनेगलला गेली आणि तेथील मुस्लिम चित्रकारांनी तिला आपले रूप दिले. कातिबाला तेथे आरशात दिसावे तसे उलटे लिहावे लागते. मोटारीच्या बॉडीवर नाव घालायचे असेल तर हेच. आतून पाहताना देवनागरी नाव उजवीकडून डावीकडे आणि उर्दू नाव डावीकडून उजवीकडे जाईल. ज्यांनी दुकानांच्या काचेवर आतल्या बाजूने नावे लिहिली आहेत त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

साधने

एअरब्रश हा पेनाएवढा स्प्रे असतो. त्याचे दोन प्रकार. एकात घोडा दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात. दुसऱ्यात घोडा खाली दाबल्यावर हवा येते आणि मागे ओढल्यावर रंग. किती मागे ओढाल तितका रंग. शिकायला दुसरा प्रकार कठीण, पण घ्यावा तोच. सुई ०.३ मिलिमीटरची असली तर रेघ आणि छटा दोन्ही निघतात. मोठी जागा भरायला ०.५ ची बरी. गॅरेजची स्प्रे गन साधारण १.४ मिलिमीटरची असते, यावरून कामाच्या नाजूकपणाची कल्पना यावी.

हवेचा दाब २० ते ३० पौंड पुरे. गॅरेजमध्ये मोठा कॉम्प्रेसर असेल तर नवा विकत घेऊ नये. त्याला रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा वॉटर सेपरेटर जोडावा. घरी काम करणारे कित्येक जण जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर टाकीला जोडून घेतात. तो आवाज करत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असल्याशिवाय तो चालवणे धोक्याचे आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत ही सामग्री पाहायला मिळते. कर्ज आणि व्याज यांत अडकून हा धंदा उभा करण्याची गरज नाही. तितके उत्पन्न त्यात नाही आणि तितकी मोठी साधनेही लागत नाहीत.

रंगाबाबत मात्र काटकसर करू नये. गॅरेजमधील एनसी पेंट आणि त्याचा थिनर पॉलिकार्बोनेटला खातो. लगेच दिसत नाही. पण प्लास्टिकच्या अंगात बारीक जाळी पडते, ते कडक होते आणि पहिल्याच धडकेला तडकते. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचे वेगळे रंग मिळतात. बॉडी वाकली तरी ते वाकतात, सुटत नाहीत. तामियाच्या स्प्रेच्या डब्यांवर पीएस असे असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा. टीएस असेल तर तो कडक प्लास्टिकचा, बाहेरून मारण्याचा. दोन अक्षरांचा फरक आहे, पण टीएस आतून मारला तर पापुद्रे सुटतात. एअरब्रशसाठी पाण्याचे रंगही मिळतात. त्यांचा वास कमी असतो आणि घरात काम करणाऱ्याला ते सोयीचे पडतात. कोणताही नवा रंग आधी बॉडीच्या त्या कडेवर मारून पाहावा जी पुढे कापून टाकायची आहे. चाकांच्या कमानीतला आणि खालच्या काठाचा हा फुकटचा तुकडा प्रत्येक बॉडीला असतोच.

धुणे, झाकणे, कापणे

साच्यातून सुटावी म्हणून बॉडीला कारखान्यात तेलकट पदार्थ लागलेला असतो. भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने ती आतून धुवावी, मऊ कापडाने टिपावी आणि त्यानंतर आत बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग जेथे पडला तेथून रंग सुटणार हे नक्की समजावे.

बॉडीच्या बाहेर कंपनीनेच एक पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती शेवटपर्यंत काढायची नाही. उडालेला रंग तिच्यावर बसतो आणि शेवटी तिच्याबरोबर निघून जातो. शिवाय तिच्यावर मार्कर पेनाने नक्षी काढता येते. बाहेर रेखाटलेली रेघ आतून स्वच्छ दिसते, तीच पाहून आत काम करायचे. खिडक्यांसाठी कापलेले स्टिकर बॉडीबरोबर येतात. ते आतून लावावेत आणि कडा नखाने पक्क्या दाबाव्यात.

मोठी वळणे असलेल्या नक्षीसाठी चिकटपट्टीऐवजी लिक्विड मास्क वापरतात. हे रबरासारखे द्रव आहे. ब्रशने आतून तीन-चार हात द्यावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. पातळ राहिले तर सोलताना तुकडे होतात आणि अर्धा दिवस चिमट्याने ते वेचण्यात जातो. वाळल्यावर नव्या पात्याच्या कटरने रेघेवरून कापायचे. येथे हाताचा खरा कस लागतो. फक्त रबर कापले पाहिजे, प्लास्टिक नव्हे. जोर जास्त झाला तर प्लास्टिकवर चरा पडतो. तो चरा रंगातून दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे धडक बसली की बॉडी त्याच रेघेवर फाटते. हाताला अंदाज येईपर्यंत बोथट हाताने दोनदा फिरवावे, पण एकदाच दाबू नये.

एक काम पहिल्यापासून

समजा, ग्राहकाला लाल मोटार हवी आहे. पुढच्या बॉनेटवर पिवळ्या ज्वाळा, टोकांना नारिंगी झाक आणि ज्वाळांना काळी कड. पेंटरच्या मनात पहिला विचार येईल की लालपासून सुरुवात करावी. तो विचार सोडून द्यावा.

प्रथम सर्व नक्षी कापून घ्यावी: कड, ज्वाळा, जमीन. मग फक्त कडेवरचे रबर सोलावे आणि काळा मारावा. एकदम ओला हात देऊ नये. सात-आठ सेंटिमीटरवरून तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावे. मग ज्वाळांवरचे रबर सोलावे. टोकांना नारिंगी हलक्या हाताने, मागे विरळ होत जाईल असा. तो सुकल्यावर पूर्ण ज्वाळेवर पिवळा. नारिंगीवरही पिवळा जाऊ द्यावा. तो त्याच्या मागे जातो, पुढे दिसत नाही. म्हणूनच उस्ताद लोक सांगतात की येथे गडद रंग आधी आणि फिका नंतर. फिका आधी देऊन मागे गडद दिला तर गडद रंग फिक्यातून डोकावतो आणि पिवळ्याचा मातकट होतो.

पिवळा झाला म्हणजे ज्वाळा झाल्या, असे नाही. पिवळा, गुलाबी आणि सर्व फ्लोरोसंट रंग अंगाने पातळ असतात. त्यांच्या पाठीमागे पांढऱ्या अस्तराचे दोन हात पडल्याशिवाय ते उजळत नाहीत. अस्तर पुरे झाले की नाही हे पाहायला बॉडी दिव्यासमोर धरावी. जेथून उजेड आत येतो तेथे रंग कमी आहे. आता शेवटचे रबर सोलून लाल मारावा. तो काळ्यावर जाईल, पांढऱ्यावर जाईल, काही बिघडत नाही. लालच्या मागेही पांढरा किंवा चंदेरी द्यावा आणि सर्वात शेवटी, आतला भाग नीट दिसावा म्हणून, काळ्याचा एक हात. काचेसारख्या पारदर्शक रंगांना मात्र चंदेरीच अस्तर हवे, त्याशिवाय त्यांची झळाळी येत नाही. अक्षराला सावली द्यायची असेल तर अक्षर आधी, सावली नंतर.

पेट्रोलच्या जातीच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटारींत मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचे इंधन असते. ते उडून रंग विरघळवते. असे काम आले तर इंधनाला टिकणारा शेवटचा हात लागेल. मोटार बॅटरीची की इंजिनाची, हे ग्राहकाला पहिल्या भेटीतच विचारावे.

रंग पूर्ण सुकल्यावर खिडक्यांचे स्टिकर काढावेत, मग कडा कात्रीने कापाव्यात, खुंट्यांची भोके पाडावीत. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर दुरून चालतो. हीट गन वापरली तर पातळ बॉडी वाकते आणि लिक्विड मास्क चिकटून बसतो.

पावसाळ्याचा एक शब्द सांगितला पाहिजे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. कॉम्प्रेसरमध्ये ते साचते आणि रंगाबरोबर थेंब होऊन बाहेर पडते. थिनरचे रंग सुकताना पांढुरके पडतात. वॉटर सेपरेटर दर तासाला रिकामा करावा, आणि धो-धो पावसाच्या दिवशी फक्त कापणीचे काम करावे. त्या दिवशी ग्राहकाला वायदा देऊ नये.

फुफ्फुसे एकदाच मिळतात

आपल्या गॅरेजांत तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारण्याची सवय आहे. रुमालाने धूळ अडते, थिनरची वाफ अडत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. दोन घटकांच्या पीयू रंगांत आयसोसायनेट असते आणि त्याने दम्याचा विकार जडतो. एकदा जडला की तो कारागीर रंगाजवळ उभा राहू शकत नाही. छोटे काम म्हणून घराच्या आतल्या खोलीत, मुलांच्या जवळ, खिडक्या लावून हे करू नये. हवा बाहेर फेकणारा पंखा, उघडी खिडकी आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

करार आधी, रंग नंतर

या कामात क्रम उलटा असल्यामुळे मध्येच "इथला पिवळा जरा हिरवा करा" असे ग्राहकाने म्हटले तर ते करता येत नाही. त्यामुळे पहिला हात पडण्यापूर्वी सर्व ठरले पाहिजे. कागदावर बॉडीचे वरून आणि बाजूने असे दोन आराखडे काढावेत, रंग भरून दाखवावेत, नावांची अक्षरे ग्राहकाकडून लिहून घ्यावीत आणि त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. मजुरी, तारीख आणि आगाऊ रक्कमही त्याच कागदावर. स्पेलिंगची एक चूक म्हणजे एक बॉडी फुकट, हे लक्षात ठेवावे.

शरीअतच्या दृष्टीने येथे एक फरक समजून घेणे जरूर आहे. कारागिराने स्वतः बॉडी आणून, रंगवून, पूर्ण वस्तू म्हणून दिली तर हनफी फिकहमध्ये तो इस्तिस्ना, म्हणजे मागणीप्रमाणे वस्तू बनवून देण्याचा करार होतो. त्यात वस्तूचे वर्णन आणि किंमत ठरलेली पाहिजे. पण ग्राहकाने आपलीच बॉडी आणून दिली तर तो इजारा. कारागीर फक्त आपले श्रम विकतो आणि ती बॉडी त्याच्याजवळ परक्याची वस्तू म्हणून असते. आपल्या कोकणी बांधवांपैकी बरेच शाफई आहेत. त्यांच्या मसलकमध्ये इस्तिस्ना हा स्वतंत्र करार मानलेला नाही. वस्तू बनवून देण्याच्या व्यवहाराला सलमच्या अटी, म्हणजे पूर्ण किंमत आधी देणे वगैरे, लागू होतात. म्हणून त्यांनी आपल्या आलिमांना विचारूनच व्यवहाराची रीत ठरवावी.

नुकसानीचा प्रश्न याहून रोजचा आहे. रंगारी, शिंपी, धोबी यांच्यासारख्या अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला फिकहच्या ग्रंथांत अजीर मुश्तरक म्हटले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्याकडील माल अमानत आहे, त्याची कसूर नसताना माल गेला तर भरपाई नाही, पण त्याच्या हाताने बिघडला तर भरपाई त्याच्यावर. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी अधिक कडक मत दिले: टाळता न येणारे संकट, जसे मोठी आग, सोडून इतर वेळी कारागीर जबाबदार. कटरचा चरा पडला, चुकीच्या थिनरने बॉडी तडकली, तर दोन्ही मतांनी बोट कारागिराकडेच जाते. म्हणून दर ठरवताना बिघाडाची तरतूद धरली पाहिजे.

तो दर असा काढावा. समजा वरच्या ज्वाळांच्या कामाला हातचे सात तास लागले. आपल्या गॅरेजात आठ तासांची मजुरी १,००० रुपये असेल तर सात तासांचे ८७५ झाले. रंग आणि मास्क ४००, वीज व जागा १५०. एकूण १,४२५. त्यावर बिघाडासाठी दहावा हिस्सा धरला तर सुमारे १,५७० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे. प्रत्येकाने आपले घालावेत. नफा त्यानंतर. कित्येक पेंटर फक्त रंगाचा खर्च मोजतात, हात फुकट धरतात आणि सहा महिन्यांनी काम परवडत नाही म्हणून सोडून देतात.

दर कमी पडला की मोह होतो तो अस्तराचा हात चोरण्याचा. नवी बॉडी देताना ते ग्राहकाला दिसत नाही. उन्हात मोटार धरली की पिवळ्यातून आतला सांगाडा दिसू लागतो. मापात आणि वजनात कमी देणाऱ्यांविषयी सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये काय आले आहे ते आपल्या वाचकांना सांगायला नको. रंगाचा हात हेही मापच आहे.

कोणते काम घ्यावे

शौकीन लोक कवटी, राक्षस, सिनेमातली पात्रे, बायकांची चित्रे असले काहीही मागतात. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांची मते आपल्याला ठाऊक आहेत. उघडेनागडे चित्र तर वादाचाच विषय नाही. अशी कामे नम्रपणे नाकारावीत आणि ग्राहकासमोर दुसरा नमुना ठेवावा. भूमितीची नक्षी, जाळी, वेलबुट्टी, रंगांच्या छटा यांत आपला हात कोणाहून कमी नाही, आणि मोटारीच्या वेगाला ही नक्षी शोभतेही. उलट आयत, अल्लाहचे नाव किंवा कलमा मोटारीवर लिहून देऊ नये, ग्राहक मुसलमान असला आणि त्याने श्रद्धेने मागितले तरीही. ही वस्तू चिखलात जाते, उलटी पडते, लोकांच्या पायांत येते.

मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे हुबेहूब काढून देण्याची मागणीही येते. ती चिन्हे दुसऱ्याची मालमत्ता आहेत. मूळ बॉडीबरोबर कंपनीने स्टिकर दिले असतील तर ग्राहक ते स्वतः लावील. आपण रंगाची जमीन तयार करून द्यावी.

शिकावे कसे

महागडी बॉडी घेऊन शिकायला बसू नये. मिठाईच्या, केकच्या डब्यांची पारदर्शक झाकणे आणि थंड पेयाच्या बाटल्या गोळा कराव्यात. त्यांचे प्लास्टिक वेगळे असते, रंग तितका धरत नाही, पण क्रम शिकायला ती पुरेशी आहेत. पहिले आठ दिवस फक्त रेघा आणि ठिपके: जवळून बारीक, दुरून विरळ. पुढचे आठ दिवस दोन रंग, मग तीन. प्रत्येक झाकणावर काम करण्यापूर्वी कागदावर क्रम लिहावा, पहिला रंग कोणता, दुसरा कोणता, अस्तर कोणते. मग झाकण उलटून कागदाशी ताडून पाहावे. आपले नाव आतून उलटे लिहून बाहेरून सुलटे वाचता आले म्हणजे खऱ्या बॉडीला हात घालायला हरकत नाही.

पहिली खरी बॉडी स्वतःच्या पैशाने घ्यावी, रंगवावी आणि छंदाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात नमुना म्हणून ठेवायला द्यावी. दुकानदाराशी वाटा आधीच ठरवावा. ग्राहकाला बॉडी देताना बाहेरची फिल्म त्याच्यासमोर काढावी, कारण चमक तेव्हाच प्रथम दिसते आणि काही चरा असेल तर तोही दोघांना एकदमच दिसतो. उरलेला प्रत्येक रंग थोडा बाटलीत भरून, वर ग्राहकाचे नाव व तारीख घालून, वर्षभर जपून ठेवावा. शर्यतीत बॉडी फुटली की तोच माणूस तशीच दुसरी मागायला येतो, आणि तेव्हा तोच लाल पुन्हा जुळवणे हे सर्वात कठीण काम असते.